रिकाम्या रायफलीचा सराव

नेमबाजीच्या रेंजवर पहिल्यांदा आलेल्या माणसाला एक दृश्य हमखास कोड्यात टाकतं. नेमबाज रायफल खांद्याला लावून उभा आहे, नेम धरलेला आहे, श्वास थांबलाय, आणि मग ऐकू येतं ते फक्त ‘टक’. ना धमाका, ना टार्गेटवर भोक. तो रायफल खाली घेतो, बोल्ट, म्हणजे मागची सरकती खीळ, उघडून बंद करतो, आणि पुन्हा तेच. अर्धा अर्धा तास. विचारलं तर सांगतो, “ड्राय करतोय.”

ड्राय म्हणजे ड्राय फायरिंग. गोळी न भरता, पण बाकी सगळं अगदी खऱ्या शॉटसारखं करून ट्रिगर सोडायचा. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांमध्येही याची व्याख्या दिलेली आहे: काडतुसाची बंदूक असेल तर ती रिकामी ठेवून ट्रिगर सोडणं, एअर रायफल असेल तर हवा न सुटता ट्रिगर चालवता येईल अशी सोय तिच्यात असावी लागते. याचंच सख्खं भावंड म्हणजे होल्डिंग. त्यात ट्रिगरही दाबायचा नाही, नुसता नेम धरून स्थिर राहायचं.

बरेच जण याकडे गोळ्या वाचवण्याचा उपाय म्हणून बघतात. गोळ्या वाचतात, रेंजपर्यंतचा प्रवास वाचतो, हे खरंच आहे. पण मला हा फायदा दुय्यम वाटतो. खऱ्या शॉटमध्ये स्फोटाचा आवाज आणि खांद्यावरचा धक्का नेमक्या त्याच क्षणावर पडदा टाकतात, जो क्षण आपल्याला बघायचा असतो. ट्रिगर सुटला तेव्हा साइट, म्हणजे नेम धरायची खूण, नेमकी कुठे होती? रायफल रिकामी असली की हा पडदा नसतो. ‘टक’ होतं आणि साइट डावीकडे उडी मारताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. आपली चूक इतक्या उघडपणे दाखवणारं दुसरं साधन नेमबाजाकडे नाही, असं मी पूर्ण विचारांती म्हणतो.

आधी खोली, मग रायफल

तंत्राकडे वळण्याआधी सुरक्षिततेचं बोलायलाच हवं, आणि ते घाईने बोलण्यासारखं नाही. ड्रायचा सगळा डोलारा ‘रायफल रिकामी आहे’ या एका गोष्टीवर उभा आहे. ती गोष्ट गृहीत धरायची नसते, दर वेळी तपासायची असते. मॅगझिन काढायचं, बोल्ट पूर्ण मागे घ्यायचा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यांनी बघायचं आणि मग बोटानेही चाचपायचं. डोळा सवयीने फसतो. जे दिसायला हवं तेच त्याला दिसतं. बोट तसं फसत नाही.

सरावाच्या खोलीत एकही जिवंत काडतूस नको. खिशात नको, टेबलावर नको, रायफलीच्या पिशवीच्या कप्प्यात नको. गोळ्या दुसऱ्या खोलीत, कुलपात. टार्गेट अशा भिंतीवर लावा जिच्यापलीकडे माणसांचा वावर नाही आणि जी खरोखर गोळी अडवू शकेल. लाकडी फळ्यांची किंवा पोकळ भिंत गोळी अडवत नाही. खिडकीच्या दिशेने तर कधीच नाही, आणि पडदे ओढलेले असू द्या. बाहेरून बघणाऱ्याला तुमची रायफल रिकामी आहे हे माहीत नसतं. जिथे राहता तिथला शस्त्र कायदा घरी असा सराव करू देतो का, हेही आधी बघून घ्या.

सगळ्यात नाजूक वेळ सरावाच्या मध्ये नसते, सराव संपल्यानंतर असते. मन शांत झालेलं असतं, बोटाला ट्रिगरची सवय लागलेली असते. रायफल आवरायला घेतली, गोळ्या परत जागेवर आल्या, आणि मनात येतं, ‘अजून एक, शेवटचा.’ रिकाम्या समजलेल्या बंदुकीतून गोळी सुटते ती अशा वेळी. म्हणून मी सराव संपला की मोठ्याने म्हणतो, “सराव संपला.” खोलीत कोणी नसलं तरी म्हणतो. टार्गेट लगेच भिंतीवरून काढतो, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग, म्हणजे ते रिकामं असल्याची बाहेरून दिसणारी खूण, घालतो आणि रायफल बंद करून ठेवतो. टार्गेटच भिंतीवर नसेल तर ‘शेवटचा’ मारायचा कशावर? सरावाच्या मध्ये फोन आला, दार वाजलं, कोणी हाक मारली, तर परत आल्यावर तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

तुमची रायफल हे सोसेल का?

सगळ्या रायफलींना ड्राय चालत नाही, आणि यामागचं कारण समजलं की नियम लक्षात ठेवावा लागत नाही. फायरिंग पिन जोराने पुढे येते तेव्हा तिला काहीतरी मऊ लागतं या हिशोबाने ती बनवलेली असते. ते मऊ म्हणजे काडतुसाचा तळ. मोठ्या काडतुसांमध्ये, ज्यांना सेंटरफायर म्हणतात, पिन तळाच्या मध्यावर आदळते. काडतूस नसेल तर ती मोकळ्या जागेत जाते आणि स्वतःच्या खोबणीत अडते. आजकालच्या बहुतेक सेंटरफायर बोल्ट रायफली हे सहज सोसतात.

.22 ची, म्हणजे 0.22 इंचाच्या लहान काडतुसाची, गोष्ट वेगळी आहे. ते रिमफायर काडतूस असतं, म्हणजे पेटणारा मसाला तळाच्या कडेत भरलेला असतो आणि पिन त्या कडेवर आदळते. काडतूस नसलं तर काही रायफलींमध्ये पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते. पोलादावर पोलाद. हळूहळू त्या कडेला पोचा पडतो, मग काडतूस नीट बसत नाही किंवा रिकामं टरफल अडकतं. काही नव्या रिमफायर रायफलींमध्ये पिन तिथपर्यंत पोचणारच नाही अशी रचना असते, पण तुमच्या रायफलीत ती आहे की नाही हे कंपनीच्या माहितीपुस्तिकेतच बघायचं. अंदाजाने ठरवायचं नाही.

स्प्रिंगच्या एअर रायफलीत ड्राय मुळीच नाही. तिथे स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते, आणि नळीत छर्रा असल्यामुळे हवा दाबली जाऊन पिस्टनला शेवटी उशी मिळते. छर्रा नसेल तर ती उशी नाही आणि पिस्टन सिलिंडरच्या टोकावर जाऊन आदळतो. सील फाटतं, स्प्रिंग मोडते. स्पर्धेच्या एअर रायफलींमध्ये दाबाखालची हवा वेगळ्या सिलिंडरमध्ये साठवलेली असते आणि त्यांत बहुधा ड्रायची खास सोय असते: ट्रिगर खऱ्यासारखा सुटतो, हवा मात्र सुटत नाही.

शंका असेल तिथे डमी काडतूस वापरा. त्याच्या तळाशी पिन झेलायला स्प्रिंग किंवा मऊ भाग असतो. पण डमीचा रंग आणि रूप खऱ्या काडतुसापेक्षा इतकं वेगळं हवं की अंधुक उजेडातही गल्लत होणार नाही. आणि खूप जुन्या, संग्रहातल्या रायफलींना या फंदात पाडूच नका, त्यांच्या पिनचं पोलाद ठिसूळ झालेलं असू शकतं.

एक दशांश मिलिमीटरचा हिशोब

आता मूळ मुद्दा. इतका खटाटोप कशासाठी, हे आकड्यांत बघितल्याशिवाय पटत नाही.

10 मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त 0.5 मिलिमीटर व्यासाचा असतो. छर्रा 4.5 मिलिमीटरचा, आणि त्याची कड ठिपक्याला टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे छर्र्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून 2.5 मिलिमीटरपर्यंत ढळला तरी चालतं. 10 मीटरवर 2.5 मिलिमीटर. आता समजा तुमच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये 70 सेंटिमीटर अंतर आहे. तर मागच्या साइटच्या मानाने पुढची साइट किती सरकली की छर्रा दहाच्या बाहेर जाईल? उत्तर आहे 0.175 मिलिमीटर. छपाईच्या कागदाची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर असते. दोन कागद एकावर एक ठेवले तर त्यांच्या जाडीपेक्षाही हे कमी.

2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्राने 10 मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत शेवटचा शॉट 10.8 चा मारला आणि सुवर्णपदक मिळवलं. अंतिम फेरीत दहाच्या आतही दशांशात गुण मोजतात; 10.8 म्हणजे मध्यापासून फार तर अर्धा मिलिमीटर. याच हिशोबाने साइटमधली चूक साधारण 0.035 मिलिमीटर. हे केसाच्या जाडीहूनही कमी आहे.

याच हिशोबातून एक गोष्ट निघते जी नव्या नेमबाजांना उलटी वाटते. रायफल सगळीच्या सगळी, आहे त्याच दिशेत, 1 मिलिमीटर बाजूला सरकली, तर गोळीही 1 मिलिमीटरच सरकते. पण रायफल तिरकी झाली, म्हणजे नुसतं पुढचं टोक 1 मिलिमीटर हललं, तर 10 मीटरवर 14 मिलिमीटरचा आणि 50 मीटरवर सुमारे 7 सेंटिमीटरचा फरक पडतो. 50 मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळच 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. त्यामुळे शरीराच्या संथ डोलण्याला फार घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते बोटाच्या हिसक्याला, कारण हिसका रायफलीला तिरकं करतो. ड्रायमध्ये आपण शोधत असतो ती हीच गोष्ट.

हाडांवर उभं राहायचं

रायफल स्नायूंच्या जोरावर धरली की ती थरथरते. स्नायू थकतो, थकला की कापतो. हाडं थकत नाहीत. म्हणून उभ्या पोझिशनमध्ये उजव्या हाताचा नेमबाज डावं कोपर कमरेच्या हाडावर किंवा बरगडीच्या कडेवर टेकवतो. रायफलीचं वजन तळहातातून सरळ कोपरात, तिथून कमरेत आणि तिथून पायात उतरतं. स्पर्धेच्या एअर रायफलीचं वजन 5.5 किलोपर्यंत असू शकतं. एवढं वजन साठ शॉट नुसत्या दंडाच्या बळावर पेलणं शक्यच नाही.

इथे एक चाचणी आहे, आणि सगळ्या ड्रायमध्ये मला हीच सर्वांत मोलाची वाटते. पोझिशन घ्या, नेम धरा, मग डोळे मिटा. दोनतीन सावकाश श्वास घ्या, खांदे आणि मान सैल सोडा. आता डोळे उघडा. साइट कुठे आहे? टार्गेटच्या उजवीकडे गेली असेल तर तुमचं शरीर मुळात उजवीकडेच बघतंय आणि आतापर्यंत तुम्ही स्नायूंनी ओढून तिला टार्गेटवर धरून ठेवलं होतं. शॉटच्या क्षणी लक्ष जरासं सैल पडलं की स्नायू सोडून देणार आणि गोळी उजवीकडे जाणार. इथे रायफल हाताने डावीकडे ढकलायची नाही. पाय सरकवायचे, अख्खं शरीर वळवायचं. पालथं झोपून मारत असाल तर डावं कोपर न हलवता कंबर आणि पाय थोडे फिरवायचे. मग पुन्हा डोळे मिटून बघायचं. डोळे उघडल्यावर साइट आपोआप मध्याजवळ सापडेपर्यंत हे चालू ठेवायचं.

रेंजवर याला वेळ कमी पडतो. पात्रता फेरीत तयारी आणि चाचणीच्या शॉटसाठी मिळून 15 मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात बाकीचंही सगळं करायचं असतं. घरी मात्र कोणी घाई करत नाही. नुसती ही एकच चाचणी वीस मिनिटं केलीत तरी तो दिवस सत्कारणी लागला म्हणा.

अंगावर पूर्ण पोशाख हवा. जॅकेट, बूट, स्लिंग (रायफलीला आधार देणारा हाताचा पट्टा), जे रेंजवर घालता ते सगळं. बनियनवर केलेली पोझिशन आणि जॅकेटमधली पोझिशन एकच नसते. बट, म्हणजे रायफलीचा मागचा दस्ता, खांद्यावर वेगळ्या जागी बसतो, त्यावरच्या चीकपीसवर, म्हणजे गालाच्या आधारावर, गाल वेगळा टेकतो. कंटाळा येतो, मान्य आहे. पण शरीराला शिकवायचं आहे ते खरं शिकवा.

श्वास, डोळा, बोट

श्वासाचं थोडक्यात सांगतो. छाती फुगली की साइट वरखाली होते, हे पालथ्या पोझिशनमध्ये स्पष्ट दिसतं. श्वास सोडल्यावर पुढचा घेण्याआधी शरीर आपणहून थोडं थांबतं. त्या थांब्यातच शॉट सोडायचा, आणि थांबा थोडा लांबवायचा. किती? साधारण आठ ते दहा सेकंद. त्यापुढे नजर धूसर व्हायला लागते, छातीत अस्वस्थता येते, आणि शॉट घाईने सुटतो.

डोळ्याबाबतची चूक फार सर्रास होते. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघू शकतो. पुढची साइट आणि टार्गेट दोन्ही एकदम रेखीव दिसणार नाहीत. स्पष्ट हवी ती पुढची साइट. टार्गेट मऊ, धुरकट काळा गोळा दिसला तरी पुरे. कारण वरच्या हिशोबात पाहिलंच: साइटमधली चूक अंतराबरोबर वाढत जाते. टार्गेट धुरकट दिसल्याने होणारी चूक तशी फुगत नाही. दुर्बीण असलेल्या रायफलीला हा प्रश्न नाही, तिथे फुलीची रेघ आणि टार्गेट एकाच प्रतलात दिसतात. मात्र पुष्कळ दुर्बिणी खोलीतल्या अंतरावर फोकसच होत नाहीत, तेव्हा धुरकट टार्गेटवर भागवावं लागतं.

आणि बोट. ट्रिगरवर पहिल्या पेराची गादी टेकवायची. बोटाचा बाकीचा भाग बटाच्या लाकडाला टेकता कामा नये. टेकला तर बोट आत येताना लाकडालाही घेऊन येतं. दाब सरळ मागे, आणि हळूहळू वाढणारा. दोन टप्प्यांचा ट्रिगर असेल तर पहिला टप्पा नेम बसवतानाच घेऊन ठेवायचा, दुसऱ्यावर दाब चढवत न्यायचा.

इथे मनाचा खेळ सुरू होतो. साइट कधीच पूर्ण स्थिर नसते. जगातल्या उत्तम नेमबाजाचीही नसते, ती मध्याभोवती छोट्या जागेत फिरत राहते. नवा नेमबाज ती मध्यावर येण्याची वाट बघतो, आली की मनात ओरडतो ‘आता!’ आणि ट्रिगर हिसकतो. तोवर साइट पुढे गेलेली असते आणि हिसक्याने रायफल तिरकी झालेली असते. दोन चुका एकदम. साइट फिरते ती जागा मान्य करा, आणि ती फिरत असतानाच दाब वाढवत राहा. मग शॉट त्या फिरण्याच्या जागेतच कुठेतरी पडतो, त्याबाहेर जात नाही. आणि सरावाने ती जागा लहान होत जाते.

हे शिकायला टार्गेट काढून टाका. खरंच. समोर कोरी भिंत ठेवा. भिंतीवर ‘मध्य’ नाही, त्यामुळे ‘आता!’ म्हणायला कारणच उरत नाही. सगळं लक्ष पुढच्या साइटवर आणि बोटावर. टक झाल्यावर साइट हलली का, एवढंच बघायचं. मी आजही निम्मा ड्राय कोऱ्या भिंतीवर करतो.

टक झाल्यावर लगेच डोकं वर काढू नका. एकदोन सेकंद तसंच राहा, बोट मागे दाबलेलं, डोळा साइटवर. याला फॉलो थ्रू म्हणतात. गोळी नळीतून बाहेर पडायला काही हजारांश सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात रायफल जागेवर हवी असते. शिवाय साइट कुठे उडाली हे बघायचं असेल तर तिथे बघत राहावंच लागतं. आडवी उडाली तर बहुतेक वेळा बोटाचा दोष असतो. वर किंवा खाली गेली तर खांदा, श्वास किंवा गालाचा दाब तपासा. एक जुनी युक्ती पालथ्या पोझिशनमध्ये छान चालते: दुसऱ्या कोणाला तरी नळीवर, पुढच्या साइटमागे, एक नाणं आडवं ठेवायला सांगा. टक झाल्यावर नाणं पडलं नाही तर बोट स्वच्छ चाललं.

दचकण्याचा इलाज

ज्यांनी जोरदार धक्क्याच्या रायफली मारल्या आहेत त्यांच्यात एक खोड घर करते. शॉट सुटायच्या जरासं आधी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, अंग आवळतं. आपण धक्क्यामुळे दचकतो असं माणसाला वाटतं, पण ते शक्य नाही. कशालाही प्रतिक्रिया द्यायला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात, आणि तोपर्यंत गोळी केव्हाच गेलेली असते. म्हणजे हे दचकणं धक्क्याला दिलेली प्रतिक्रिया नव्हे. धक्का येणार या अपेक्षेने शरीर आधीच आवळलं जातं. म्हणूनच ते इतकं घातक आहे, आणि म्हणूनच आवाजात ते झाकलं जातं.

रिकाम्या रायफलीवर मात्र झाकायला काही नाही. टक व्हायच्या आधी साइट खाली बुडी मारते आणि ती बुडी तुम्हाला लख्ख दिसते. पहिल्यांदा बघितल्यावर वाईट वाटतं, वाटू द्या. मग शेकडो वेळा काहीच न होणारा टक ऐकून शरीराचा ताण हळूहळू उतरतो. यात दिवस नाही, आठवडे जातात.

किती, कुठे, कशावर

दिवसाला पंधरावीस मिनिटं भरपूर झाली. लक्ष उडालं की थांबा. लक्ष नसताना मारलेला प्रत्येक ड्राय शरीराला चुकीची गोष्ट शिकवतो, आणि शरीर चुकीची गोष्टही तितक्याच मन लावून शिकतं. शंभर टक-टक उरकण्यापेक्षा वीस टक असे की प्रत्येकानंतर तुम्ही सांगू शकाल, साइट कुठे होती.

बोल्ट रायफलीत प्रत्येक ‘टक’नंतर पिन पुन्हा चढवावी लागते आणि त्यात पोझिशन मोडते. बऱ्याच रचनांमध्ये बोल्टची मूठ नुसती वर उचलून खाली केली तरी पिन चढते. जोडीला कोणी असेल तर त्याला बोल्ट चालवू द्या, म्हणजे तुम्हाला हलावं लागणार नाही.

खोली लहान असते, म्हणून टार्गेट त्याच प्रमाणात लहान करायचं. एअर रायफलच्या टार्गेटचा काळा भाग 30.5 मिलिमीटरचा आहे. तो 3 मीटरवर लावायचा तर 9 मिलिमीटरहून किंचित मोठा ठिपका हवा. 50 मीटरच्या टार्गेटचा काळा भाग 112.4 मिलिमीटर, 5 मीटरवर तो सव्वाअकरा मिलिमीटरचा होतो. उंचीकडेही लक्ष द्या. रेंजवर एअर रायफल टार्गेटचा मध्य जमिनीपासून 1.4 मीटरवर असतो. तुमच्या रायफलीची नळी 1.5 मीटरवर येत असेल तर 10 मीटरमध्ये नजर 10 सेंटिमीटर खाली उतरते. तोच उतार 3 मीटरवर ठेवायचा तर ठिपका 1.47 मीटरवर लावावा लागेल, नाहीतर कंबरेचा कोनच बदलेल.

स्कॅट, नोपटेल अशी इलेक्ट्रॉनिक यंत्रं मिळतात. नळीवर सेन्सर बसतो आणि टक व्हायच्या आधी नि नंतर नेम कसा फिरला याची रेघ पडद्यावर उमटते. शेवटच्या एका सेकंदातली रेघ बघणं हे खरोखर शिक्षण आहे. पण सुरुवातीला त्याची गरज नाही. आधी स्वतःच्या डोळ्याने सांगता येऊ द्या, मग यंत्राला विचारा. उलटं केलं तर डोळा आळशी होतो.

आणि नेम धरून नऊ सेकंद झाले, मन म्हणतंय ‘सोड’, पण साइट बसत नाहीये, अशा वेळी रायफल खाली घेण्याचा सराव मुद्दाम करा. दहापैकी दोन वेळा ठरवून ट्रिगर न दाबताच रायफल खाली घ्या. स्पर्धेत वाईट शॉट टाळण्याची ताकद ऐनवेळी येत नाही, तीही घरीच कमवावी लागते.

जे इथे शिकता येत नाही

रिकामी रायफल वाऱ्याचं काही सांगत नाही. गोळी अंतराप्रमाणे किती खाली पडते, साइट नीट जुळवलेली आहे की नाही, हेही नाही. धक्क्यानंतर रायफल पुन्हा त्याच जागी येते का, हे तर तिला माहीतच नाही. पोझिशनमधल्या काही त्रुटी धक्का बसल्यावरच उघड होतात. म्हणून नुसत्या ड्रायवर विसंबून रेंज सोडू नये.

रेंजवर परत गेल्यावर एक तपासणी करा. पाच गोळ्या भरा. प्रत्येक शॉटनंतर, दुर्बिणीत किंवा पडद्यावर न बघता, ट्रिगर सुटताना साइट कुठे होती ते वहीत लिहा: ‘वर, थोडं डावीकडे’, ‘मध्य’, ‘उजवीकडे, हिसका’. पाचही झाले की मग टार्गेट बघा आणि दोन्ही जुळवा. जिथे तुमची वही आणि टार्गेट सारखं सांगतात तिथे ड्रायने आपलं काम केलंय. जिथे वही ‘मध्य’ म्हणते आणि भोक आठच्या वर्तुळात आहे, तो शॉट घरी घेऊन जा आणि उद्या कोऱ्या भिंतीसमोर त्याच्यापासून सुरुवात करा.